व्यासपीठावरचे मत आणि घरची लेक

पत्र

‘मी एकोणसाठ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे आणि नागपूरला मानेवाडा भागात राहते. आमच्या लेआउटमधल्या मंदिराच्या सभागृहात चातुर्मासात व्याख्यानमाला असते. यंदा ‘समलिंगी विवाह आणि आपली संस्कृती’ असा परिसंवाद होता आणि माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, मुख्य वक्ते होते. ते प्रवचनकार आहेत, लहानपणापासून शाखेत गेलेले आहेत, आणि त्यांचा शब्द मोडण्याची आमच्या घरात रीत नाही. माझी एकतीस वर्षांची मुलगी पुण्याहून आली होती. ती तिथे एका मैत्रिणीबरोबर जोडीदार म्हणून राहते, हे घरातल्या मोजक्या माणसांनाच ठाऊक आहे. हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, विकृती आहे, सर्वोच्च न्यायालयानेही ते बेकायदा ठरवले आहे, असे भासरे म्हणाले. मुलगी उठली आणि तिने उत्तर दिले. बोलण्याच्या भरात ‘तुमचा धर्म म्हणजे दुसऱ्याला छळण्याचा परवाना’ असेही म्हणाली. त्यावर भासरे माइकवरून म्हणाले, ‘ही कीड आमच्याच घरात शिरली आहे, म्हणून पोटतिडकीने सांगतो.’ सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि काहीच बोलले नाही. ती त्याच रात्रीच्या बसने निघून गेली. यजमान म्हणतात, विषय वाढवू नको. जाऊबाई म्हणतात, चांगल्या डॉक्टरला दाखवा, नाहीतर लग्न लावून मोकळे व्हा. मी रोज पारायण करणारी बाई आहे. असे लग्न मला मनातून पटत नाही, पण मुलगी माझीच आहे. पुढच्या महिन्यात महाल भागात भासऱ्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतील. मुलीला ‘मैत्रिणीला न आणता ये’ असे सांगू का? धर्म आणि मुलगी यांत मी कुणाची निवड करू?’

– एक आई, नागपूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. धर्म आणि मुलगी यांत निवड करा, असे तुम्हाला अजून कुणीही सांगितलेले नाही. भासऱ्यांनी नाही आणि मुलीनेही नाही. त्या सभागृहात एका संध्याकाळी निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले, आणि त्या गुंत्याचा भार तुम्ही एकट्याने डोक्यावर घेतला आहे. कायद्याने अशा विवाहाला मान्यता द्यावी की नाही, हा एक प्रश्न. धर्म आणि परंपरा याविषयी काय सांगतात, हा त्याहून निराळा. या दोन्हींवर सज्जन, विचारी माणसांत मतभेद आहेत आणि ते पुढेही बराच काळ राहतील. परंतु घरातल्या एका मुलीचे खासगी आयुष्य, तिची संमती न घेता, तिच्याच देखत, माइकवरून गावाला सांगणे आणि तिला कीड म्हणणे, यावर मतभेदाला जागाच नाही. तुमच्या घरात जे मोडले आहे, ते इथे मोडले आहे. विवाहाच्या कायद्याचा निकाल लागेपर्यंत त्याची दुरुस्ती थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

म्हणून पहिले काम मुलीकडे जाण्याचे आहे, भासऱ्यांकडे नंतर. शक्य असेल तर पुण्याला जा. नसेल तर निवांत वेळ पाहून फोन करा. ‘काका वयाने मोठे आहेत’, ‘तूही जरा जपून बोलायला हवे होते’, ‘लोक काय म्हणाले असतील’ यांतले एकही वाक्य त्या बोलण्यात येऊ देऊ नका. तिने समजून घ्यावे, माफ करावे, अशी मागणीही करू नका. ‘त्या दिवशी तुझ्याविषयी जे बोलले गेले ते चूक होते, आणि ते ऐकून मी गप्प बसले हेही चूक होते,’ एवढे सांगा आणि मग ती जे बोलेल ते ऐका. ती चिडेल, कदाचित जुन्या गोष्टी काढील, कदाचित फोन ठेवून देईल. पुन्हा फोन करा. पहिल्या रांगेत बसलेल्या आईचे मौन तिने काकांच्या शब्दांइतकेच ऐकले असणार, आणि काकांचे शब्द ती विसरली तरी ते मौन विसरायला तिला अधिक वेळ लागेल. हे तुम्हाला दुखवण्यासाठी लिहीत नाही. तुमच्या हातात नेमके काय आहे ते दिसावे, म्हणून लिहीत आहे.

आता भासऱ्यांच्या भाषणाकडे येऊ. न्यायालयाचा जो हवाला त्यांनी दिला तो मुळात चुकीचा आहे, आणि तुम्ही शिक्षिका असल्यामुळे तो तपशिलाने माहीत असावा, असे मला वाटते. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंड संहितेतले होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, प्रौढांच्या परस्पर संमतीच्या संबंधांना ते लागू होणार नाही, असा एकमताने निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. विवाहाचा खटला यानंतरचा. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी सांगितले की विवाह करण्याचा मूलभूत अधिकार घटनेत नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांना बसवण्याचे काम न्यायालयाचे नाही, ते कायदेमंडळाचे आहे. अशा नात्याला विवाहाखेरीज काही कायदेशीर ओळख द्यावी का, यावर मात्र पीठ दुभंगले. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल त्या बाजूचे होते, इतर तिघे नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. इतके झाले तरी दोन प्रौढ व्यक्तींनी आपल्या मर्जीने एकत्र राहण्याचा हक्क त्या निकालाने काढून घेतलेला नाही. उलट अशा जोडप्यांचा छळ होऊ नये, असेच त्यात म्हटले आहे. विवाहाला मान्यता नाही, एवढेच खरे आहे. तुमची मुलगी आणि तिची मैत्रीण काहीही बेकायदा करत नाहीत, हे पुढच्या वेळी कुणी तसे म्हणाले तर शांतपणे सांगता आले पाहिजे.

पाश्चात्त्यांच्या खुळाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण हा मुद्दा प्रत्येक घरात निघतो आणि त्याला उत्तर न देता लोक गप्प बसतात. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ पासून निघत होते. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली जात, आणि त्या शंकांत समलिंगी संबंधांचाही विषय असे. म्हणजे आज तुम्ही मला जसे पत्र लिहिले, तशी पत्रे नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणसे मराठीतूनच लिहीत होती. त्या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये मुंबईच्या न्यायालयात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक विषयांवरच्या प्रश्नांना उत्तरे देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी त्यांची भूमिका होती, आणि समलिंगी प्रवृत्तीच्या संदर्भात त्यांनी इंग्रज लैंगिकशास्त्रज्ञ हॅवलॉक एलिस यांच्या अभ्यासाचा आधार घेतला. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. दीक्षाभूमी ज्या गावात आहे, त्या गावातल्या व्याख्यानमालेत हा इतिहास कुणीतरी सांगायला हवा होता.

भासऱ्यांना कदाचित हा दाखला जवळचा वाटणार नाही. मग त्यांना जवळचा वाटेल असा घ्या. जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत सरसंघचालक मोहन भागवत यांनी सांगितले की अशी माणसे पूर्वीपासून समाजात आहेत आणि त्यांनाही जगण्याचा अधिकार आहे. त्यासाठी त्यांनी महाभारतातल्या जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांचे उदाहरण दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी विवाह हा स्त्री आणि पुरुष यांच्यातच होऊ शकतो, असे संघाचे मत स्पष्ट केले. ही दोन्ही विधाने एकाच संघटनेची आहेत आणि ती तिला एकमेकांविरुद्ध वाटली नाहीत. विवाहाला ठाम विरोध करता येतो आणि तरीही माणसाला कीड म्हणावे लागत नाही, हे भासऱ्यांना पटवण्यासाठी त्यांच्या विचारांच्या बाहेर जाण्याची गरजच नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलाल तेव्हा बोलण्याचा सगळा भर इथेच ठेवा.

तुमच्या मनात जे चालले आहे, त्याचीही मला पूर्ण कदर आहे. असे लग्न पटत नाही, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले. केंद्र सरकारने न्यायालयात केलेल्या प्रतिज्ञापत्रात पती, पत्नी आणि मुले ही भारतीय कुटुंबाची कल्पना असल्याचे म्हटले होते. जमियत उलेमा-ए-हिंद या मुस्लिम धर्मपंडितांच्या संघटनेनेही विरोध नोंदवला होता. कॅथलिक चर्चने डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्यास मुभा दिली, पण विवाह मात्र स्त्री-पुरुषांचाच, ही शिकवण बदलली नाही. तेव्हा श्रद्धाळू माणसाला या प्रश्नावर अडखळायला होणे यात लाजण्यासारखे काही नाही, आणि धर्म म्हणजे छळण्याचा परवाना, हे तुमच्या मुलीचे वाक्य मला मान्य नाही. पहाटे उठून पोथी वाचणाऱ्या आईला ते किती लागले असेल, याची मला कल्पना आहे. योग्य वेळ आल्यावर तिला हे तुम्ही सांगू शकता. मात्र तिचे वाक्य आणि काकांचे वाक्य सारखेच होते, असे म्हणून दोघांना एका पारड्यात घालू नका. तिने रागाच्या भरात एका विचारावर आघात केला. काकांनी व्यासपीठावरून समोर उभ्या असलेल्या पुतणीवर केला, आणि तोही तिचे गुपित उघडे करून.

माझे स्वतःचे मत लपवत नाही. कायद्याने अशा नात्यांना मान्यता द्यावी, असे मला वाटते. विवाहसंस्था आजवर बदलत आली आहे. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता १८५६ मध्ये मिळाली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटजीवाचून विवाह लावण्याची पद्धत रूढ केली. हिंदू पुरुषाला देशभर एकपत्नीत्वाचे बंधन आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क १९५५ च्या कायद्याने आला. प्रत्येक वेळी धर्म बुडाल्याची ओरड झाली, आणि ज्या घरांत ती झाली, त्याच घरांत पुढे त्या बदलांचा लाभ घेतला गेला. तरी तुम्ही माझ्याशी सहमत व्हावे, असा माझा आग्रह नाही. विवाहाबद्दल तुमचे मत बनायला पाच वर्षे लागोत, मुलीला जवळ घ्यायला तितका वेळ लागण्याचे कारण नाही. पारायण चालू ठेवा. त्यात कुठेही मुलीला दूर करावे लागत नाही.

जाऊबाईंच्या सूचनेवर फार थांबत नाही, पण ती धोक्याची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकतेला रोगांच्या यादीतून वगळले आणि भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नसल्याचे जाहीर केले. हे ‘बरे’ करून देतो, असे सांगून उपचार करणे म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरवले आहे. तेव्हा असे आश्वासन देणारा डॉक्टर भेटला, तर तो चांगला डॉक्टर नाही, हे समजून घ्या. आणि लग्न लावून देण्याचा विचार तर मनातही आणू नका. त्यात तुमच्या मुलीचे आयुष्य जाईलच, शिवाय दुसऱ्या कुणाच्या तरी निरपराध मुलाचेही जाईल, आणि त्या मुलाच्या आईला तुम्ही काय उत्तर द्याल?

भासऱ्यांकडे जायचे ते महालात, त्यांच्या घरी, आणि यजमानांना बरोबर घेऊन. किंबहुना बोलायचे यजमानांनीच. भाऊ त्यांचा आहे, मुलगीही त्यांची आहे, आणि ‘विषय वाढवू नको’ असे म्हणून सगळे ओझे तुमच्यावर टाकणे त्यांना शोभत नाही. विषय त्यांच्या भावाने सभागृह भरलेले असताना वाढवला. आता तो घरात तरी मिटवला पाहिजे. काय बोलावे, हे विचाराल तर असे काहीसे: ‘दादा, लग्नाबद्दल तुमचे मत तुमचे आहे आणि ते व्याख्यानात मांडायला आमची हरकत नाही. पण आमच्या मुलीचे खासगी आयुष्य तुम्ही माइकवर आणले आणि तिला जे म्हणालात, ते आम्हाला सहन होणारे नाही. तिच्याविषयी पुन्हा कुठल्याही व्यासपीठावरून बोलू नका, आणि जे बोललात त्याबद्दल तिला एकदा फोन करा.’ आवाज चढवू नका, शास्त्रार्थात शिरू नका, हंस-डिंभकाचा दाखला द्यायचा तर मुलाखतीचा उल्लेख करून एकदाच द्या. ते लगेच मानतील, अशी आशा धरू नका. वडीलधाऱ्या माणसाला धाकट्या भावाने समोर बसून असे सांगणे हीच तुमच्या घरात मोठी घटना असेल, आणि मुलीपर्यंत ती पोचल्याशिवाय राहणार नाही.

व्याख्यानमालेत उभे राहून जाहीर उत्तर देऊ का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण पत्रातून तो विचार डोकावतो. तूर्त देऊ नका. तुम्ही बोललात की पुन्हा तिच्याच आयुष्याची चर्चा होईल, आणि ते आयुष्य चारचौघांत किती मांडायचे हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. शेजारणी चौकशी करतील. ‘ती तिच्या घरी सुखात आहे’ एवढे उत्तर पुरे. व्याख्यानमालेच्या आयोजकांना मात्र एक पत्र जरूर द्या: वादाचा विषय कोणताही ठेवा, पण व्यासपीठावरून कुणाच्याही घरातल्या व्यक्तीचा उल्लेख होणार नाही, अशी अट वक्त्यांना घाला. ही मागणी कुठल्याही मताची मंडळी मान्य करू शकतील.

ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येईल, अशी माणसे तुम्हालाही हवीत. नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था समलिंगी व्यक्तींसाठी काम करते. अशा मुलामुलींच्या पालकांचा ‘स्वीकार’ नावाचा गट आहे. एप्रिल २०२३ मध्ये, खटला चालू असताना, त्यातल्या चारशेहून अधिक आई-वडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते. आपले वय होत चालले आहे आणि मुलांच्या नात्याला कायद्याची मान्यता मिळालेली आपल्या हयातीत पाहायची आहे, असा त्याचा आशय होता. त्यातले कितीतरी जण सुरुवातीला तुमच्यासारखेच गोंधळलेले असणार.

आणखी एक गोष्ट, जी या सगळ्या वादात मागे राहून जाते. विवाहाची नोंद नसल्यामुळे या दोघींपैकी एकीला उद्या काही झाले, तर कागदावर दुसरी कुणीच नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले आहे की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. परंतु नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. म्हणून दोघींनी इच्छापत्र करून ठेवावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, आणि आजारपणात कुणाला कळवायचे व कुणाशी सल्लामसलत करायची, हे लेखी असावे. हे तुम्ही स्वतः मुलीला सुचवा. इच्छापत्राचे कागद करताना आईचा पाठिंबा असणे ही लहान गोष्ट नाही, कारण अशा इच्छापत्रांना पुढे जाऊन आव्हान मिळते ते बहुधा नातेवाइकांकडूनच.

राहिला महालक्ष्म्यांचा प्रश्न. ‘मैत्रिणीला न आणता ये’ असे सांगू नका. ते वाक्य तिला, तू अर्धीच आम्हाला चालतेस, असे ऐकू येईल. ज्येष्ठा-कनिष्ठा माहेरी येतात, म्हणून आपण त्यांना हाताला धरून घरात आणतो, पावलांचे ठसे काढतो, सोळा भाज्या, आंबील आणि पुरणाचा नैवेद्य करतो. त्याच दिवशी घरची माहेरवाशीण अटी घालून बोलवायची, हे तुमच्यासारख्या नेमधर्म पाळणाऱ्या बाईला पटणार नाही, याची मला खात्री आहे. आधी मुलीला विचारा की तिला यायचे आहे का. यंदा ती नाही म्हणाली तर रुसू नका. हो म्हणाली तर भासऱ्यांना आधीच कळवा की दोघी येतील. त्यांनी नकार दिला तर भांडू नका, महालातले देवदर्शनही टाळू नका. सकाळी लवकर जाऊन ओटी भरा, जाऊबाईंना लागेल ती मदत करा, आणि दुपारच्या पंगतीला न थांबता मानेवाड्याला परत या. पुरणाचा स्वयंपाक त्या दिवशी स्वतःच्या घरी करा आणि मुलीबरोबर, तिच्या मैत्रिणीबरोबर जेवायला बसा. यजमानांनाही परत यायला सांगा. भासऱ्यांच्या घरी त्यांचे पान का मांडले नाही, हे कुणी विचारले तर खरे कारण सांगायला त्यांनी कचरू नये.